‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’, पण पेनापुरतंच

प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीच्या वहीत आपल्यापैकी बहुतेकांनी एक ओळ लिहिलेली आहे: हॅव म्हणजे जवळ असणे. खाली उदाहरण, ‘आय हॅव अ पेन’, माझ्याजवळ पेन आहे. ओळ खोटी नाही. पेन, वही, छत्री, सुट्टे पैसे इथपर्यंत ती व्यवस्थित चालते. पण तीच ओळ धरून ‘आय हॅव टू ब्रदर्स’चं मराठी करायला गेलं की ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असं होतं, आणि ऐकणारा मागे वळून बघतो, कुठे बसलेत म्हणून. मग ‘आय हॅव अ फीव्हर’ म्हणजे काय, माझ्याजवळ ताप आहे? कुठे, दप्तरात?

इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत ‘हॅव’चा नंबर ‘बी’च्या खालोखाल लागतो. मराठीत मात्र त्याला सरळ जोडीचं क्रियापद नाही. ‘बाळगणे’ आहे, पण आशा बाळगतात, राग बाळगतात, भीती बाळगतात. भाऊ कोणी बाळगत नाही. त्यामुळे आपण सगळा कारभार ‘असणे’वर चालवतो, आणि ‘हॅव’चं खरं काम करतात ते त्याच्या आधी येणारे बारके तुकडे: -ला, -कडे, -जवळ, -चा, -त. वस्तू माणसाची आहे म्हणजे नेमकी कशी आहे, हे मराठी प्रत्येक वेळी विचारते. इंग्रजी विचारत नाही. म्हणून ‘हॅव’ शिकायचं तर आधी आपली मराठी काय करते ते बघायला पाहिजे, आणि नेमकं तेच शाळेत कोणी दाखवत नाही.

नात्यांपासून सुरू करू. मला दोन भाऊ आहेत, तिला एक मावशी आहे. इथे ‘-ला’ लागतो. नातं आपण कमावलेलं नसतं, ते आपल्याला लाभलेलं असतं, आणि ‘लाभणे’ हा शब्दही ‘-ला’च घेतो. अवयव, आजार, सवयी, मनाची अवस्था, सगळ्यांना हाच: त्याला दाढी आहे, मला ताप आहे, तिला घाई आहे, बाबांना चहाची सवय आहे, तुला अक्कल आहे काय. वस्तूंच्या भागांनाही हाच. घराला दोन दारं आहेत, या खुर्चीला हात नाहीत. शिवाय मराठीत ‘आहे’ आणि ‘असतो’ असा आणखी एक फाटा फुटतो. ‘गाईला दोन शिंगं असतात’ हे सगळ्या गाईंबद्दल, ‘आमच्या गाईला शिंगं नाहीत’ हे आमच्या गोठ्यातल्या एकीबद्दल. इंग्रजी दोन्हीकडे ‘हॅव’वरच भागवते.

‘-कडे’ आणि ‘-जवळ’ ही जोडी जास्त मजेशीर आहे. ‘माझ्याजवळ पन्नास रुपये आहेत’ म्हणजे आत्ता, या क्षणी, खिशात किंवा पर्समध्ये. ‘माझ्याकडे पन्नास हजार आहेत’ म्हणजे आहेत, पण बँकेत असतील, कपाटात असतील. ट्रॅक्टर माझ्याकडे असतो, माझ्याजवळ नसतो. बसमध्ये कंडक्टर ‘चिल्लर आहे काय?’ विचारतो तेव्हा त्याला ‘जवळ’ची चिल्लर पाहिजे असते, घरी डब्यात किती साठवलीय याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. आणि तो ‘तुमच्याजवळ’ हा शब्द उच्चारतही नाही. मालकच गाळला तरी मराठी वाक्य उभं राहतं. इंग्रजीत बोलताना ‘हॅव चेंज?’ चालेल, पण पेपरात लिहून दाखवा बघू.

शेतीवाडीत हा फरक आणखी गंभीर होतो. ‘आमची दोन एकर जमीन आहे’ म्हटलं की मालकी आली. ‘आमच्याकडे दोन एकर आहे’ म्हटलं तर ती खंडानेही घेतलेली असू शकते. मालकी एकाची, कसणारा दुसरा, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात नवीन नाही, आणि मराठीचा एक ‘-ची’ किंवा ‘-कडे’ ते सांगून टाकतो. इंग्रजीत ‘वी हॅव टू एकर्स’ दोन्हीला चालतं. नेमकं सांगायचं असेल तर ‘ओन’सारखा दुसरा शब्द आणावा लागतो.

गुणांची सोय वेगळीच. त्याच्यात दम आहे, तिच्या अंगी कला आहे, आजीच्या हाताला चव आहे. या शेवटच्याला ‘शी हॅज अ टेस्टी हँड’ असं लिहिलंत तर इंग्रज माणूस घाबरून चार पावलं मागे सरकेल.

आता पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला आयती न मिळणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे. हिंडलग्यात, बेळगावात, निपाणीत दोन भाषा रोज कानावर पडतात. कन्नडमध्ये ‘मला दोन मोठे भाऊ आहेत’ हे ‘ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे’ असं होतं. ‘ननगे’ म्हणजे मला. पण पैशाची गोष्ट निघाली की ‘नन्न हत्तिर दुड्डु इदे’. ‘हत्तिर’ म्हणजे जवळ. नात्याला ‘मला’, पैशाला ‘माझ्याजवळ’, अगदी मराठीसारखं. कोकणीतही ‘म्हाका दोन भाव आसात’, पण ‘म्हजेकडेन पयशे आसात’. मराठी-कोकणी एका कुळातल्या, कन्नड द्रविड कुळातली. कुळं वेगळी, पण या बाबतीत संसार एकाच पद्धतीचा, आणि ‘हॅव’ तिघींच्याही घरात नाही.

शेजारी राहून भाषा एकमेकींसारख्या होतात, याचं जगभर शिकवलं जाणारं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या भाषांवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आलेले. त्यांना असं आढळलं की शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिलेत, पण वाक्याची मांडणी इतकी एक झालीय की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. आपल्या भागात भाषेवरून काय काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक १९८६ च्या आंदोलनाची आठवण घेऊन उभं आहे. तो विषय मोठा आहे आणि या लेखाचा नाही. एवढंच म्हणते की ‘हॅव’ शिकताना मराठी पोरगं आणि कन्नड पोरगं एकाच बाकावर बसलेलं असतं आणि एकाच ठिकाणी अडतं.

‘मला आहे’ ही पद्धत फक्त आपल्या देशातली आहे असंही समजू नका. लॅटिनमध्ये दोन्ही सोयी होत्या. ‘हाबेओ’ हे ‘हॅव’सारखं क्रियापद, आणि दुसरीकडे ‘मिही एस्त’, म्हणजे शब्दशः ‘मला आहे’. ‘मिही लिबेर एस्त’, मला पुस्तक आहे. इथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. १५७९ मध्ये गोव्याला आलेले हे जेझुइट धर्मगुरू १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतात. त्यांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापून निघालं. जन्माने इंग्रज, म्हणजे ‘हॅव’च्या घरातला माणूस आणि ‘आसा’च्या घरात राहायला आलेला. आपण करतो तोच प्रवास त्यांनी उलट्या बाजूने केला. पण लॅटिन शिकलेल्या माणसाला ‘म्हाका आसा’ फार परकं वाटलं नसावं.

जाता जाता, लॅटिन ‘हाबेओ’ आणि इंग्रजी ‘हॅव’ सख्ख्या बहिणी दिसतात, पण नात्यातल्या नाहीत. ‘हॅव’चं मूळ लॅटिन ‘कापेरे’शी जुळतं, म्हणजे पकडणे, धरणे. ‘कॅप्चर’ आणि ‘कॅप्टिव्ह’ त्या ‘कापेरे’चीच पोरं. म्हणजे ‘हॅव’च्या मुळाशी मूठ आहे. इंग्रजी बोलणारा पेन धरतो, भाऊ धरतो, तापसुद्धा स्वतःच धरतो. मराठीत ताप येतो, चढतो, भरतो. माणूस बिचारा नुसता पडून असतो.

चिनी विद्यार्थ्याची अडचण आपल्या बरोब्बर उलटी. चिनीमध्ये ‘यौ’ असं एक क्रियापद आहे. ‘मला भाऊ आहे’ याला तेच, आणि ‘खोलीत तीन माणसं आहेत’ यालाही तेच. म्हणून तो भावाचं वाक्य नीट बोलतो आणि खोलीपाशी घसरतो: ‘देअर हॅव थ्री पीपल’. आपल्याकडे दोन्ही जागी ‘आहे’. त्याच्या तोंडात ‘हॅव’ जास्त येतं, आपल्या तोंडात ‘इज’ आणि ‘ॲम’.

त्या जास्तीच्या ‘ॲम’चं सगळ्यात प्रसिद्ध अपत्य म्हणजे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. हे वाक्य देशभर ऐकू येतं. मला वाटतं, आपलं वाक्याच्या शेवटी बसणारं ‘आहे’ इंग्रजीत गेल्यावरही आपली जागा मागतं. म्हणून ‘ॲम’ आत शिरतं, आणि ‘ॲम’ आलं की ‘हॅव’ला ‘-इंग’ लावल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. नियम तसा लहान आहे. ‘हॅव’चा अर्थ नुसतं असणं असेल, म्हणजे भाऊ, घर, ताप, शंका, तर ‘-इंग’ नको. ‘हॅव’ म्हणजे काही तरी करणं किंवा घडणं असेल तर ‘-इंग’ चालतं. ‘वी आर हॅविंग लंच’, आम्ही जेवतोय. ‘शी इज हॅविंग अ बेबी’, तिला बाळ होणार आहे. त्यामुळे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकल्यावर साहेबाच्या डोळ्यांपुढे एक तर जेवणाचं ताट येतं नाही तर बाळंतपणाची खोली.

इंग्रजी साहित्याच्या वर्गात निसीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता शिकवतात. त्यात या ‘-इंग’चा नुसता पाऊस आहे आणि सगळा वर्ग हसतो. इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले, बेने इस्रायल समाजात, ज्या समाजाची मूळ बोली मराठी. म्हणजे ज्या कानाने ही लकब टिपली तो आपल्यापासून फार लांबचा नव्हता. कविता हसवते ते बरंच आहे, आपलंच बोलणं आरशात बघितल्यासारखं होतं. पण तेच हसू मुलाखतीच्या खोलीत वेगळं लागतं. माझी एक मैत्रीण आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकाउंट्समध्ये पक्की. एका मुलाखतीत तिला घरच्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘माय फादर इज हॅविंग टू एकर्स लँड.’ समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. त्यानंतरचे प्रश्न तिच्या विषयाचे होते, एरवी तिने फळ्यावर लिहून समजावले असते असे. ती एकेका शब्दात उत्तरं देत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, “माझं इंग्लिश बेकार आहे गं.”

बेकार नव्हतं. जमीन किती, कोणाची, सगळं समोरच्यांना समजलं होतं. एक ‘इज’ आणि एक ‘-इंग’ जास्त होता, आणि तो कुठून आला हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चूक दाखवायला काहीच हरकत नाही, दाखवलीच पाहिजे. पण ‘असं म्हणत नाहीत’ एवढं सांगून फळा पुसला की मुलीला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. ‘तुझं आहे तिथून उडी मारून इथे आलंय’ असं सांगितलं तर ती पुढच्या वेळी त्याला दारातच ओळखते.

आता ‘हॅव’ची उरलेली कामं. खाण्यापिण्याचं सोपं आहे. आपण चहा घेतो, जेवतो, आंघोळ करतो, नजर टाकतो, इंग्रजीत या सगळ्याला ‘हॅव’ चालतं. पाहुण्यापुढे कुंदा ठेवून ‘घ्या’ म्हणायचं असेल तर ‘टेक कुंदा’पेक्षा ‘हॅव सम कुंदा’ बरं. ‘टेक’ म्हटलं की बरणी उचलून न्यायलाही मोकळीक दिल्यासारखं होतं. औषधाला मात्र ‘टेक’च.

‘हॅव टू’ जरा सांभाळून. एक तर त्याचा उच्चार ‘हॅफ टू’ होतो, त्यामुळे ऐकताना सुटतो. दुसरं म्हणजे मराठीत त्याच्या आसपास तीन-तीन रचना आहेत: मला जायचं आहे, मला जायला पाहिजे, मला जावं लागतं. ‘आय हॅव टू गो’ यातल्या तिसऱ्याच्या सगळ्यात जवळ आहे, कारण त्यात बाहेरून आलेली सक्ती असते. ‘मस्ट’ बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या आतून येतं. ‘आय मस्ट गो टू मास’ आणि ‘आय हॅव टू गो टू मास’, दोन्ही मिस्साला जायचीच वाक्यं, पण आई ऐकत असेल तर पहिलं म्हणावं. नकार आला की दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊ नको. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे यायलाच पाहिजे असं नाही, आलास तर आनंदच. या दुसऱ्याचा पहिल्यासारखा अर्थ घेऊन लोक रुसून बसतात.

मग पूर्ण झालेल्या क्रियेचं ‘हॅव’. मी जेवले आहे, ‘आय हॅव ईटन’. आपल्याकडे ‘आहे’, त्यांच्याकडे ‘हॅव’. म्हणून ‘आय ॲम कम्प्लिटेड माय असाइनमेंट’ अशी वाक्यं होतात. गंमत अशी की जाणं, येणं, उठणं अशा क्रियापदांना इंग्रजीतही एकेकाळी ‘बी’च लागायचं. ईस्टरला आपण चर्चमध्ये ‘ख्राइस्ट इज रिझन’ म्हणतो ते त्या जुन्या पद्धतीचं आहे. आजचं इंग्रजी ‘हॅज रिझन’ म्हणेल. मराठीतला ‘उठला आहे’ त्या जुन्या ‘इज’शी अगदी चपखल बसतो.

शेवटचं, आणि पेपरात हमखास येणारं. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः, कात्री हातात धरून, केस कापले होते. शब्द तेच, फक्त ‘कट’ने जागा बदलली. मराठीत हे काम ‘घेणे’ करतं: ब्लाउज शिवून घेतला, घर रंगवून घेतलं, दाखल्यावर सही करून घेतली. जिथे मराठीत असा ‘करून घेणे’ येतो तिथे इंग्रजीत हा ‘हॅव’ आठवायचा, ‘वी हॅड द हाउस पेंटेड’. आपण ‘वी पेंटेड द हाउस’ लिहून मोकळे होतो आणि रंगाऱ्याचं नाव बुडवतो.

इकडे आपण ‘हॅव’शी झटापट करतोय आणि तिकडे ‘हॅव’ मागच्या दाराने मराठीत शिरतंय. ‘मला वेळ नाही’च्या जागी ‘माझ्याकडे वेळ नाही’ हे आता सर्रास झालंय. तेवढं चालून जाईल, वेळ पैशासारखी मोजायची सवय लागली म्हणायची. पण ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’, ‘त्याच्याकडे चांगला आवाज आहे’ हे कानाला खुपतं. मला एक विचारायचंय, त्याचा आवाज चांगला आहे, असं सरळ म्हणता येतं की. आमच्या गल्लीतला इंग्रजी माध्यमात चौथीला असलेला एक मुलगा शेजारच्या आजीला सांगत होता, “आजी, माझ्याकडे तीन आत्या आहेत.” आजींच्या मराठीत ‘माझ्याकडे’ म्हणजे आमच्या घरी. त्या म्हणाल्या, “कधी आल्या रे? राहणार आहेत काय?”